शालूबाईंची गाण्याची खोली

"आणि हे भोक? हे आता कोण बुजवणार?" समीक्षानं भिंतीवर बोट ठेवून विचारलं. "टाइल्सचा नवा वाससुद्धा गेला नाही आई, आणि तुम्ही ड्रिल मारून मोकळ्या!"

"बुजवायचं कशाला? भोकात खिळा हाय, खिळ्याला गोधडी हाय," शालूबाई म्हणाल्या. "गोधडीमागचं भोक कुनाला दिसतंय?"

"भोक नाही दिसत, गोधडी दिसते! उद्या पाहुणे यायचेत. त्यांना मी या खोलीचे फोटो पाठवलेत, सगळं चकाचक. आणि येऊन बघणार तर भिंतीवर गोधड्या वाळत घातलेल्या."

"मग सांग त्यास्नी, आमच्याकडं थंडी लय. भिंतींना बी पांघरून लागतं."

दारात चपला काढत असलेले हौशीराम हसले. सुनेनं वळून पाहिलं तसं त्यांनी हसू आवरलं.

"आबा, हसू नका. तुमच्या अंगावरची गोधडी आहे ती."

"व्हय? तरीच राती पाय गार पडलं," हौशीराम म्हणाले.

"आणि तुम्ही!" समीक्षा आता नवऱ्याकडे वळली. ओंकार ड्रिल पाठीमागे धरून उभा होता, जसं काही ते दिसतच नव्हतं. "तुम्हाला तरी कळायला नको?"

"आई म्हणाली एकच खिळा मार."

"इथं तर चारही भिंती झाल्यात!"

"येकीला मारला आन बाकीच्या तशाच ठेवल्या तर आवाज तिकडनं पळतो," शालूबाई शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टरीनबाईंनी सांगितलंय."

"डॉक्टरीणबाई तिकडं बंगळूरला लेकीकडे बसून सांगणार, आणि इथं टाइल फुटणार आमची." एक टाइल खरंच फुटली होती. खिळ्यापासून खाली, थेट कोपऱ्यापर्यंत चीर गेली होती. समीक्षानं तिच्यावरून नख फिरवलं. "हे बघा आई, मला एकदा सांगून टाका. ही खोली पाहुण्यांची की गाण्याची? म्हणजे मला बुकिंग घ्यायचं का नाही ते कळेल."

खिळ्यासाठी घरात एवढा आवाज कुणी चढवत नाही. भांडण खोलीचंच होतं. इतके दिवस कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं, एवढंच.

शालूबाई मूळच्या टाकवे बुद्रुकच्या. लग्न होऊन कार्ल्याला आल्या तेव्हा सासरी भाताची खाचरं आणि दोन म्हशी होत्या. सकाळी शेत, दुपारी हायवेच्या कडेला टोपली घेऊन बसायचं, काकडी, कणसं, मडक्यातलं ताक. मुंबईच्या गाड्या थांबायच्या. घासाघीस करणाऱ्या बायांना शालूबाई कधी शब्दानं तोडायच्या नाहीत. काकडी उचलून परत टोपलीत ठेवायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. या सवयीचा घरातही पुष्कळ उपयोग झाला.

ओंकार शाळेत जायला लागला तेव्हा त्यांना लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगल्यावर काम मिळालं. तिथं मुंबईत मुलांचा दवाखाना चालवून निवृत्त झालेल्या एक डॉक्टरीणबाई एकट्या राहायच्या. झाडलोट, स्वयंपाक, बागेला पाणी. रोज वडापच्या जीपनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. बंगल्यात एक खोली फक्त गाणं ऐकायला होती. दुपारचं जेवण झालं की डॉक्टरीणबाई तिथं जाऊन बसायच्या. शालूबाईंना ते चमत्कारिकच वाटायचं. गाणं काम करता करता ऐकायचं असतं. त्यासाठी खोली, खुर्ची आणि आख्खी दुपार लागते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग एकदा बागेत पाय घसरून डॉक्टरीणबाईंचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर. सीडी संपली की उठून बदलायची कशी? म्हणून शालूबाई त्या खोलीत बसायला लागल्या, खाली गालिच्यावर, भिंतीला टेकून. पहिल्या दुपारी त्यांना झोप लागली. दुसऱ्या दुपारीही लागली. पुढे केव्हातरी लागेनाशी झाली. प्लास्टर निघालं, पण शालूबाईंचं बसणं तसंच राहिलं. भांडी आटोपून, पदराला हात पुसत त्या यायच्या. डॉक्टरीणबाई त्यांना काही शिकवायच्या नाहीत, आणि शालूबाईही काही विचारायच्या नाहीत. फक्त एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "शालू, तुला यात काय आवडतं गं?"

शालूबाईंनी विचार करून सांगितलं, "ती बाई दम कुटं घेती त्ये कळत न्हाई. त्येच बघत बसते."

डॉक्टरीणबाई बराच वेळ हसत होत्या. नंतर म्हणाल्या, मीही तेच ऐकत बसते.

त्या खोलीतली एकच गोष्ट शालूबाईंना खटकायची. धूळ. जमिनीवर जाड गालिचा, खिडकीला गोधडीएवढे जड पडदे, दोन भिंती पुस्तकांनी छतापर्यंत भरलेल्या, शिवाय कापडाच्या खुर्च्या. दर दिवाळीला तो गालिचा कुंपणावर टाकून काठीनं बडवताना त्यांच्या मनात यायचं, एवढी शिकलेली बाई, पण खोली म्हणजे धुळीचं कोठार. हे सगळं फेकून देऊन छान फरशी बसवली, भिंती पुसता येतील अशा केल्या, तर गाणं किती मोकळं ऐकू येईल! त्यांनी हे तोंडानं कधी काढलं नाही. दुसऱ्याच्या घरात आपली अक्कल चालवू नये, हे त्यांना माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंनी बंगला विकला. जिने चढवेनात, लेक बोलावत होती. पुस्तकं एका शाळेला गेली. गाण्याचा सेट, म्हणजे दोन मोठे लाकडी स्पीकर, ॲम्प्लिफायर, सीडीचा प्लेअर आणि खोकंभर सीड्या, हे सगळं त्यांनी शालूबाईंना दिलं. "दुसऱ्या कुणाला दिलं तर तो विकून टाकेल," असं म्हणाल्या आणि घरी पोचवायला टेम्पोही त्यांनीच बोलावला.

कार्ल्याचं घर आता स्लॅबचं आहे. ओंकार नवलाख उंबऱ्याकडे कंपनीत आहे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या समीक्षा पर्यटकांना देते. ती वडगावची, बारावीनंतर कॉम्प्युटर केलेली. पाहुण्यांशी मराठीत, हिंदीत आणि गरज पडली तर इंग्रजीत बोलते, आणि पिठलं-भाकरीचे असे फोटो काढते की खुद्द शालूबाईंना ती भाकरी आपली वाटत नाही. घराला तिनं चांगलं वळण लावलं होतं. शालूबाई हे शेजारणींना सांगायच्या, तिला सांगायच्या नाहीत.

टेम्पो आला तेव्हा स्पीकर ठेवायला जागा नव्हती. म्हणून ते मागच्या खोलीत गेले. तिथं वर्षाच्या खाण्याच्या भाताची पोती होती, कोपऱ्यात सुतळ्या, ताडपत्र्या, बी-बियाण्याच्या गोण्या. ओंकारनं वायरी जोडल्या. शालूबाई एका पोत्यावर बसल्या. तंबोरा सुरू झाला आणि खाचरात पाणी भरत जावं तसा खोलीभर पसरला. मग ती बाई गायला लागली, अगदी समोर, हात लांब केला तर हाताला लागेल इतक्या जवळ.

"आयला," ओंकार म्हणाला, "ह्याला ब्लूटूथ आहे का?"

शालूबाई मनात ठरवत होत्या. एवढी मोठी वस्तू घरात आली, तिला भाताच्या पोत्यांत, उंदरांच्या संगतीत ठेवायची? दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, मागची खोली नीट करायची. बंगल्यावरच्या पगारातलं साठवलेलं आहे, ते घालायचं. गावातला गवंडी केरबा आला. त्यानं विचारलं, "मावशी, टाइल कमरेपातूर लावू का वरपातूर?"

"वरपातूर."

"मग मंदिरावानी हुईल बगा."

"मंदिरावानीच कर."

पोती जिन्याखाली गेली. जमिनीला टाइल्स, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, छताला ऑइलपेंट, परसाकडे काचेची मोठी खिडकी. घरात सगळे खूष होते. समीक्षानं रंग निवडायला मदत केली, ओंकारनं सुट्टी टाकून वायरिंग करून घेतलं. शालूबाईंना वाटलं, पोरं आपल्या गाण्यासाठी किती राबतायत. समीक्षाला वाटलं, आई बोलत नाहीत, पण तिसरी खोली पाहुण्यांना देता यावी म्हणून आपले पैसे घालतायत. कुणीच कुणाला विचारलं नाही, आणि काम कसं हसतखेळत पार पडलं.

खोली तयार झाल्यावर शालूबाईंनी स्पीकर दोन कोपऱ्यांत भिंतीला चिकटवून ठेवले, वर क्रोशाचे रुमाल घातले, उदबत्ती लावली आणि बटण दाबलं.

तंबोऱ्याच्या जागी पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाल्यासारखं वाटलं. ती बाई गायला लागली, तर एकीच्या तीन बाया झाल्या. एक समोर, एक मागच्या भिंतीत आणि एक छताला लटकलेली. प्रत्येक सुराला शेपूट फुटलं होतं. तबला तर विहिरीत कळशी आपटावी तसा.

"टेंपोत आपटला आसंल," हौशीराम म्हणाले.

लोणावळ्याहून मेकॅनिक आला, त्यानं सेट उघडून बघितला आणि मशीन एकदम चांगलं आहे म्हणून सांगितलं. मग शालूबाईंनी बंगळूरला फोन लावला. "बाई, तुमचा सेट रुसला," त्यांनी सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोन हातात धर, खोलीत मधोमध उभी राहा आणि टाळी वाजव."

शालूबाईंनी फोन हौशीरामांच्या हातात दिला आणि टाळी वाजवली. टाळी टणटणत चारी भिंतींवरून फिरून परत आली.

"खोलीत काय काय आहे शालू?"

"काय सुदिक न्हाई, बाई. येकदम सोच्छ. खालपास्नं वरपातूर टाइल लावलीय."

"अगं, तू गाण्यासाठी खोली केलीस की आंघोळीसाठी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज टणक भिंतीवर आपटून परत येतो. त्याला मुरायला काहीतरी मऊ लागतं. आपला गालिचा, पडदे, पुस्तकं, ते सगळं काय होतं मग?"

शालूबाईंना सगळ्या दिवाळ्या आठवल्या, बडवलेला गालिचा आठवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. स्पीकर कोपऱ्यातून काढून पुढे घे, त्यांच्या मागं जागा सोड. भिंतींवर जाड काहीतरी टांग. गोधड्या चालतील.

म्हणून गोधड्या. म्हणून ड्रिल. म्हणून हे भांडण.

"बोला की आई," समीक्षा म्हणाली. "पाहुण्यांची की गाण्याची?"

"दोघांची पण असेल," ओंकार मध्ये पडला. "शनिवार-रविवार पाहुणे, बाकीचे दिवस गाणं. आत्तापुरता सेट तुमच्या खोलीत नेऊन ठेवू, आई. गोधड्या काढतो. परत लावायच्या तर पुढच्या आठवड्यात बघू."

"आन भोक?" हौशीरामांनी विचारलं.

"तिथं कॅलेंडर लावते," समीक्षा म्हणाली. तिचा राग निम्मा उतरला होता. ती काही वाईट पोरगी नव्हती. तिला हिशोब लागला की ती शांत व्हायची.

शालूबाईंनी हो म्हणून मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. टोपलीत काकडी परत ठेवताना बघायच्या तसं. पण मनातून त्यांना चांगलंच लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक खोली त्यांनी स्वतःच्या मनाप्रमाणे केली होती, आणि तीच नेमकी बिघडली होती. त्यात गाणं नाही आलं, तर ती पाहुण्यांना द्यायला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बापलेकांनी स्पीकर उचलून नेले. शालूबाई आणि हौशीराम झोपतात ती खोली बैठकीला लागून आहे. तिथं एक मोठा पलंग, कापसाच्या दोन गाद्या एकावर एक, दोन कपाटं आणि त्यांच्या वर लग्नात आलेल्या ट्रंका. ट्रंकांवर बासनात बांधलेली अंथरुणं. एका भिंतीला खुंट्या. त्यांवर घरातल्या सगळ्यांचे कपडे, स्वेटर, ओंकारचा कंपनीचा डगला, हौशीरामांची घोंगडी. दाराला लागून पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरींचा ढीग. एका स्पीकरची जागा पलंगाच्या पायथ्याशी निघाली, दुसऱ्याची कपाटापासून हातभर पुढे. भिंतीला चिकटवायला जागाच नव्हती.

शनिवारी पाहुणे आले. टाइल्सच्या खोलीवर त्यांची पोरं इतकी खूष झाली की रात्रभर "हो" करून ओरडत राहिली आणि खोली त्यांना "हो" म्हणत राहिली. रविवारी सगळे लोहगडावर गेले. ओंकार आणि समीक्षा बाजाराला. हौशीराम जेवून पलंगावर आडवे झाले होते. शालूबाई भांडी घासून आल्या आणि वायरी लागल्यात का बघावं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

तंबोरा आला. नुसता आला, भरला, आणि कुठंच आपटला नाही. शालूबाई उभ्या होत्या तिथंच पलंगाच्या कडेला बसल्या. मग ती बाई गायला लागली. एकटीच. समोर, कपाट आणि पलंग यांच्या मधल्या जागेत, जिथं एरवी इस्त्रीचं टेबल असतं, तिथं ती होती. शालूबाईंनी डोळे मिटले आणि जुन्या सवयीनं दम शोधायला लागल्या. तो एका तानेच्या शेवटी हलकेच घेतला गेला. बंगल्यातही इतका स्पष्ट ऐकू आला नव्हता.

"आवं," त्या कुजबुजल्या. "ऐका की."

हौशीराम घोरत होते. शालूबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं. घोरणं थांबलं. त्यांच्या लक्षात आलं ते सगळं एकदम: गाद्या, ट्रंका, बासनं, खुंटीवरचे स्वेटर, चादरींचा ढीग. वीस-पंचवीस वर्षं ज्या पसाऱ्याला त्या नावं ठेवत होत्या, त्यानंच डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकांचं आणि गालिच्याचं काम केलं होतं. त्यांना हसू आलं. सीडी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

सोमवारी ओंकार सेट परत न्यायला आला.

"ऱ्हाऊ दे हितंच," शालूबाई म्हणाल्या.

"म्हणजे? मागची खोली?"

"ती समीक्षाला दे. बुकिंग घे म्हनावं खुशाल."

समीक्षा स्वयंपाकघरातून पळत आली. एवढं भांडून मागितलेली गोष्ट सासूनं अशी सहज सोडावी, याचा तिला संशय आला. पण सासूचा चेहरा खरंच खूष होता. तिनं त्या रात्री वांग्याचं भरीत केलं, भरपूर शेंगदाणे घालून, शालूबाईंना आवडतं तसं.

पण ही खोली आणि बंगल्यातली खोली यात एक फरक राहिला होता. तो शालूबाईंना त्याच आठवड्यात कळला. या खोलीत यायला घरातल्या कुणालाच विचारावं लागत नव्हतं.

मंगळवारी त्या बसल्या. आलाप जरा कुठं वर चढत होता. "आई, पिवळी चादर कुठंय?" समीक्षा ढीग उपसायला लागली. बुधवारी ओंकार रात्रपाळीचा डगला घ्यायला आला आणि जाता जाता आवाज कमी करून गेला, आई झोपलीय असं समजून. गुरुवारी हौशीराम, बाम शोधत. "तुज्या मागं हाय का बग." मग समीक्षा परत, उशांचे अभ्रे. मग गॅस सिलिंडरवाला आला म्हणून हाक. मग "आई, चहा टाकताय ना?"

गंमत अशी, की हातात निवडायचे तांदूळ घेऊन शालूबाई बसल्या असत्या, तर चादर शोधणारी चादर शोधून गेली असती. रिकाम्या हातानं, डोळे मिटून बसलेली बाई दिसली, की घरातल्या माणसाला वाटतं ही मोकळीच आहे. मग नसलेली कामं आठवतात. शालूबाईंनी एकदा मांडीवर सूप घेऊन बसून पाहिलं. पण मग हात आपोआप तांदूळ निवडायला लागले आणि गाणं बाजूला राहिलं.

"दार ओढून घेऊ का?" त्यांनी हौशीरामांना विचारलं.

"ओढून घेतलं तर ढकलून येतील," हौशीराम म्हणाले. "कडी लावावी लागंल. आन बाईमानसानं दिवसाढवळ्या कडी लावली की लोकं दोनच गोष्टी म्हंत्यात. येक तर दुखनं, न्हाईतर सुनंशी बिनसलं."

ते खरं होतं. त्या गल्लीत दुपारी कुणाचंच दार लागलेलं नसायचं. शालूबाईंची सासू शेवटच्या आजारातसुद्धा दार उघडं ठेवून पडायची. बंद दार दिसलं की आजूबाजूच्या बाया ताकाची वाटी घेऊन चौकशीला यायच्या. शालूबाई स्वतः किती जणींकडे गेल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी भांडी झाली. शालूबाईंनी पाहुण्यांच्या चादरी मोजून बाहेरच्या सोफ्यावर ठेवल्या, बामाची बाटली, डगला आणि इस्त्री तिथंच शेजारी ठेवली, आत गेल्या आणि कडी लावली. रंग देताना ती गच्च बसली होती. तळहातानं ठोकून सरकवावी लागली.

सीडी सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात शेजारची चुलत जाऊ धोंडाबाई आली, मेथीची जुडी घेऊन. दार बंद.

"शालू! अगं ए शालू! बरं वाटत न्हाई का गं?"

आतून नुसता तंबोरा.

धोंडाबाईंनी मेथी सोफ्यावर टाकली आणि स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. "समीक्षा, काय बोललीस गं तिला?"

"मी? मी कुठं काय बोलले?"

"मग ती कडी लावून का बसलीय? कदी बसली न्हाई जन्मात."

समीक्षा पळत आली. "आई! आई, काय झालं? दार उघडा!" दार वाजलं. मग जोरात वाजलं. धोंडाबाई परसात जाऊन हौशीरामांना हाका मारायला लागल्या, आणि त्यांच्या आवाजानं पलीकडची बबिताही कुंपणापाशी येऊन उभी राहिली. ओंकार रात्रपाळी करून वर झोपला होता, तो डोळे चोळत खाली आला.

"काल टाइलवरून मी काही म्हणाले का?" समीक्षा रडकुंडीला येऊन त्याला विचारत होती. "ते कधीचं मिटलं ना? आता गावात सगळे म्हणतील, सुनेनं सासूला खोली घेऊ दिली नाही म्हणून ती..."

आत शालूबाईंना सगळं ऐकू येत होतं. त्या एकदा उठल्या. दारापर्यंत गेल्या. हात कडीवर होता. गाणं आता संथपणा सोडून वेग घेत होतं, तबला जोडीला आला होता. आत्ता उघडलं की संपलं. उद्या परत असंच. परवाही. आणि मग कधीतरी सेट आवरून वर ट्रंकेत. त्यांनी हात काढून घेतला आणि परत जाऊन पलंगाच्या कडेला बसल्या. बाहेर दार वाजत राहिलं. गाणं आपल्या वेळेनं संपलं. मग त्या उठल्या, प्लेअर बंद केला आणि कडी काढली.

बाहेर सगळं घर उभं होतं. शिवाय धोंडाबाई, शिवाय खिडकीत बबिता.

"काय झालं आई?" ओंकारनं विचारलं.

"गानं ऐकत हुते."

"आन वराडतोय आमी मघापास्नं, ऐकू येत न्हवतं?" हौशीराम म्हणाले.

"येत हुतं. लय येत हुतं."

"आई, पण असं कडी लावून..." समीक्षाचा आवाज चढला होता. "तुम्हाला शांत ऐकायचं तर सांगायचं ना, मी कुणाला येऊ दिलं नसतं. हे कडी लावणं बरं दिसत नाही. लोक मला नावं ठेवतील, तुम्हाला नाही. धोंडाकाकू पहिल्यांदा माझ्यावरच आल्या."

"मी काय तसं म्हनले न्हाई हां," धोंडाबाई म्हणाल्या. "मी नुस्तं इचारलं."

"सांगून व्हत न्हाई समीक्षा," शालूबाई म्हणाल्या. "तू येऊ देनार न्हाईस, पन तुलाच चादर लागनार. तुजी चूक न्हाई. उगड्या दारात मला गानं ऐकू येत न्हाई, तुमचीच चाहूल ऐकू येती. कान तिकडंच लागत्यात."

समीक्षानं सोफ्यावरच्या चादरींकडे पाहिलं. ओंकारनं भिंतीला पाठ टेकली.

"तू भिऊ नको," शालूबाईंनी तिला म्हटलं. मग सगळ्यांकडे वळून, भाकरीच्या पिठाचं सांगावं तशा आवाजात बोलल्या. "मागची खोली समीक्षाची. तितं मी येनार न्हाई, सेट बी येनार न्हाई. ही खोली दिसभर सगळ्यांची, या, जावा, काय शोदायचं त्ये शोदा. पन दुपारची भांडी झाली, की हिची कडी आतनं लागनार. रोज. गानं संपल्यावर निगनार. तवर कुनी दार वाजवायचं न्हाई, घर पेटलं तर तेवढं वाजवा. आवं, तुमी आत झोपायचं तर झोपा, पन कुशीवर. आन धोंडे, गावात तू आदी सांगशील हे मला म्हाईत हाय, तर नीट सांग. शालू आजारी न्हाई, रुसली न्हाई, आत बसून गानं ऐकती."

"शनिवार-रविवारी पण?" समीक्षानं विचारलं. "पाहुणे असतात आई. चारला सगळ्यांना चहा लागतो."

"शनवार-रईवार बी," शालूबाई म्हणाल्या. "चा ज्येचा त्येनं करून घ्यायचा."